लेक परदेशात फिरायला निघते तेव्हा

गटातल्या बायांच्या लेकी आता तालुक्यापुरत्या राहिल्या नाहीत. कुणाची पुण्यात जर्मन भाषा शिकते, कुणाची शिक्षणकर्ज काढून जर्मनीत पोचली आहे. आणि मग एखाद्या शुक्रवारी फोन येतो, "आई, उद्या इथल्या मैत्रिणीबरोबर फिरायला चाललेय." इकडे आईच्या पोटात गोळा. कर्जाचा हप्ता डोळ्यांपुढे येतो आणि तोंडून निघून जातं, "तिकडं शिकायला गेलीस का हिंडायला?"

आज याच प्रश्नावर बोलू. आपण जर्मनीचंच उदाहरण घेऊ, तेही तिथल्या स्टुटगार्ट शहराच्या आसपासच्या भागाचं. हे शहर 1968 पासून आपल्या मुंबईचं भगिनी शहर आहे.

पहिलं म्हणजे तिथला रविवार समजून घ्या. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. किराणा, कपडे, भांडी, काही मिळत नाही. रविवार विश्रांतीचा, हे तिथल्या राज्यघटनेतच आहे. म्हणून लोक शनिवारी बाजार उरकतात आणि रविवारी जंगलात, डोंगरात चालायला जातात, नातेवाइकांकडे जातात, दुपारी केक आणि कॉफी घेत बसतात. अशा दिवशी आपली लेक एकटी खोलीत बसली, तर बाहेर सगळं शांत आणि आत घरची आठवण. हिवाळ्यात तर साडेचार-पाचलाच अंधार पडतो. एकटेपणाने मन खचलं की अभ्यासही खचतो. तेव्हा आठवड्यातला एक दिवस माणसांत जाणं ही चैन नाही, गरज आहे.

आता खर्चाचं पाहू, कारण आपल्याला हिशेब लागतो. जर्मनीचा विद्यार्थी व्हिसा घेताना बहुतेकींना एका खास खात्यात वर्षाचे 11,904 युरो आधी भरून दाखवावे लागतात. त्यातून महिन्याला 992 युरोच काढता येतात. एक युरो साधारण शंभर रुपये धरा. भाडं, जेवण, विमा सगळं त्यातच. मग फिरणं परवडतं कसं? तिथे 'डॉइचलँड तिकीट' नावाचा महिन्याचा पास आहे. मे 2023 मध्ये तो 49 युरोला सुरू झाला, जानेवारी 2026 पासून 63 युरो झाला. अनेक विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांना तो सवलतीत मिळतो. या एका पासावर देशभरातल्या बस, ट्राम आणि साध्या रेल्वेगाड्या चालतात. कॉलेजला जायला जो पास काढला, त्यावरच रविवारचा प्रवास होतो, वेगळे पैसे लागत नाहीत.

पण त्यात दोन खाचा आहेत. लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांना हा पास चालत नाही. चुकीच्या गाडीत चढली आणि तपासणीस आला, तर दंड किमान 60 युरो, म्हणजे आपले सहा हजार. दुसरं, पास दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहतो. पुढच्या महिन्यात नको असेल, तर चालू महिन्याच्या 10 तारखेपर्यंत रद्द करावा लागतो.

इथेच स्थानिक मैत्रिणीचा उपयोग कळतो. कुठली गाडी चालते, फलाट ऐनवेळी बदलला अशी घोषणा झाली तर काय करायचं, हे तिला उपजत ठाऊक असतं. वर्गातला अभ्यास इंग्रजीत असला, तरी स्टेशनवर, दवाखान्यात, घरमालकिणीशी बोलायला जर्मनच लागते, आणि ती बोलूनच सुटते. तिथे 'टँडम' नावाची चांगली पद्धत आहे. दोघी जोडीदार होतात, तू मला तुझी भाषा शिकव, मी तुला माझी. अनेक विद्यापीठं नव्या विद्यार्थ्याला एक जुना स्थानिक सोबतीही जोडून देतात. मैत्री बहुधा अशीच जुळते.

मग जातात कुठे? स्टुटगार्टहून साध्या गाडीने साधारण तासाभरात उल्म येतं. शास्त्रज्ञ आइनस्टाइन यांचा जन्म 1879 मध्ये तिथे झाला. तिथल्या चर्चचा मनोरा 161 मीटर उंच आहे. दुसऱ्या दिशेला तेवढ्याच अंतरावर ट्युबिंगन हे नेकार नदीकाठचं जुनं विद्यापीठाचं गाव. दक्षिणेला श्वाबियन आल्ब नावाचे डोंगर आहेत. तिथल्या पायवाटांवर झाडांना, दगडांना खुणा केलेल्या असतात. हे काम मुख्यतः 1888 मध्ये लोकांनीच स्थापन केलेली एक संस्था करते, त्यात हौसेने राबणारे खूप असतात. डोंगर चढायला पैसे पडत नाहीत. डबा आणि पाण्याची बाटली बरोबर असली की झालं. आणि पाण्याची बाटली विकत घेतलीच, तर रिकामी फेकायची नाही. दुकानात परत दिली की 25 सेंट अनामत परत मिळते.

जेवणाचंही मैत्रीणच सांगते. त्या भागात 'माउलताशन' नावाचा पदार्थ सगळीकडे मिळतो. दिसायला चौकोनी करंजीसारखा, पण आत बहुतेक वेळा मांस असतं. शाकाहारी लेकीने 'केझेश्पेत्सले' मागवावं, ते चीज घातलेल्या शेवयांसारखं असतं. हॉटेलात ज्याचं बिल त्याने द्यायचं, ही तिथली सरसकट रीत. मैत्रिणीने आपलं बिल भरलं नाही, म्हणून तिला कंजूष समजू नये. वेळ मात्र पाळायची. गटाच्या बैठकीला उशीर झाला की आपण दंड घेतो, तिथे मैत्रीच उणी होते.

आता सुरक्षिततेचं. सोबत मैत्रीण असो की मित्र, पहिल्यांदा तीन-चार जणांनी मिळून जावं, दिवसाउजेडी जाऊन त्याच दिवशी परत यावं. परतीचं तिकीट आणि थोडे पैसे स्वतःजवळ असावेत, म्हणजे मन खट्टू झालं तर एकटीला निघता येतं. मुक्काम नको असेल तर "नको" म्हणायची मोकळीक तिला आहे, हे आपणच तिला आधी सांगून ठेवावं. पोलिसांचा नंबर 110, रुग्णवाहिका आणि अग्निशमनाचा 112. आपल्याकडेही 112 आहेच, त्यामुळे लक्षात राहील. शेजारच्या देशात जायचं असेल, तर पासपोर्ट आणि निवास परवान्याचं कार्ड दोन्ही बरोबर हवीत, सीमेवर तपासणी होऊ शकते.

आणि वेळेचा फरक ध्यानात ठेवा. उन्हाळ्यात त्यांचं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार तास. तिचे रात्रीचे 9 म्हणजे हिवाळ्यात आपले रात्रीचे दीड. तेव्हा "पोचल्यावर फोन कर" म्हणून जागत बसू नका. "पोचले" एवढा मेसेज तिने टाकावा, आपण पहाटे उठून वाचावा.

मैत्रिणींनो, सगळ्यात महत्त्वाचं आता सांगते. आपण रागावलो म्हणून लेक जायची थांबत नाही, ती फक्त सांगायची थांबते. मग ती कुठे आहे, कुणाबरोबर आहे, हे घरात कुणालाच ठाऊक नसतं. काही अडलं, तर मदत मागायलाही ती घाबरते. खरा धोका हा आहे. म्हणून "कशाला जातेस?" ऐवजी चार गोष्टी विचाराव्यात. कुठे जाणार, कुणाबरोबर, कुठल्या गाडीने आणि परत कधी? सोबतच्या एका जणीचा नंबर मागून घ्यावा. खर्चाचंही मोकळेपणाने ठरवावं. फिरण्यासाठी महिन्याची एक रक्कम बांधून द्यावी आणि हिशेब तिचा तिला ठेवू द्यावा.

ज्या गटात कुणाची लेक बाहेर शिकत असेल, त्यांनी पुढच्या बैठकीत हे चार प्रश्न आणि 112 हा नंबर वहीच्या मागच्या पानावर लिहून घ्यावेत. आणि लेक फिरून आली, की तिला व्हिडिओ कॉलवर दहा मिनिटं गटाशी बोलायला लावा. लोकांनी मिळून पायवाटा कशा राखल्या, रिकाम्या बाटलीचे पैसे कसे मिळतात, हे ती सांगेल. आपल्या गावाला त्यातलं काय उपयोगी पडेल, ते आपण ठरवू.