खुळखुळ्याचं बी

खुळखुळा बांधावर आपसूक उगवतो. शेंग वाळली की आतल्या बिया सुट्या होऊन वाजतात, म्हणून हे नाव. हिरवळीच्या खतासाठी पेरतो तो ताग त्याच्याच जातकुळीतला.

1975 च्या सुमारास सरगुजा जिल्ह्यात (तेव्हा मध्य प्रदेश, आता छत्तीसगड) लोकांच्या पोटात पाणी साठू लागलं. 67 जण आजारी पडले, 28 दगावले. यकृतातल्या बारीक रक्तवाहिन्या बुजल्या होत्या. माग काढत डॉक्टर गोंदलीपाशी, म्हणजे आपल्या कुटकीपाशी पोचले. त्या धान्यात खुळखुळ्याच्या जातीचं बी मिसळलेलं होतं.

त्यातलं विष म्हणजे पायरोलिझिडीन अल्कलॉइड. गुरांच्या डॉक्टरांना त्याचा परिणाम कितीतरी आधीपासून ठाऊक होता. न्यूझीलंडच्या विंटन भागात गाई-घोडे खंगून मरत. हेच विष असलेलं रॅगवर्ट नावाचं पिवळ्या फुलांचं तण त्याला कारण आहे, हे गिलरुथ या पशुवैद्यकाने 1903 मध्ये दाखवून दिलं. हे विष मोठं लबाड. यकृत त्याची विल्हेवाट लावायला जातं आणि त्या खटाटोपातच ते घातक बनतं. वर परिणाम दिसायला आठवडे, कधी महिने लागतात. तोवर तो चारा संपलेला असतो, तपासणार काय?

त्यामुळे खाद्याची तपासणी आधीच करायची, आणि ती बराच काळ नजरेवरच चालली. नमुना पांढऱ्या कागदावर पसरायचा, परकं बी चिमट्याने वेचायचं, भिंगाखाली ओळखायचं, तोलायचं. युरोपच्या पशुखाद्य नियमांत 2002 साली लिहिलेल्या मर्यादाही याच हिशोबाच्या: किलोमागे धोत्र्याचं बी 1000 मिलिग्रॅम, खुळखुळ्याच्या जातीचं 100. आजीने सुपात धान्य निवडावं तशीच ही रीत, फक्त तराजू नाजूक. पण खाद्य दळून त्याच्या गोळ्या केल्या की चिमट्याचा काही उपयोग उरत नाही.

हेच विष पुढे माणसाच्या काढ्याच्या चहातही सापडलं. कॅमोमाइल, पुदिना, रूइबॉस यांतली एकही वनस्पती हे विष तयार करत नाही, म्हणून तिकडे कुणी संशयाने पाहिलंच नव्हतं. जर्मनीच्या जोखीम-मूल्यांकन संस्थेने 2013 मध्ये बाजारातले 221 नमुने तपासले आणि काहींत किलोमागे 3 मिलिग्रॅमहून जास्त विष सापडलं. ते आलं होतं कापणीत सोबत आलेल्या तणातून. गुरांच्या बाबतीत शंभर वर्षांपूर्वी कळलेली गोष्ट माणसाच्या कपापर्यंत पोचायला इतका वेळ लागला, याचं मला अजून नवल वाटतं.

आता नजरेच्या जागी यंत्र आलं. चहाची भुकटी सौम्य गंधकाम्लात ढवळायची, अर्क गाळून स्वच्छ करायचा, मग एकेक रेणू वेगळा करून त्याचं वस्तुमान मोजायचं. अडचण अशी की या विषाच्या कुटुंबातली कित्येक भावंडं अगदी सारख्या वजनाची, आणि यंत्रातून बाहेरही एकदमच पडतात. शेवटी युरोपच्या नियमकर्त्यांनी 21 संयुगं मोजायची ठरवली आणि त्यांच्या आड लपू शकणारी आणखी 14 त्याच बेरजेत धरली. 1 जुलै 2022 पासून मर्यादा लागू झाल्या: साध्या चहाला किलोमागे 150 मायक्रोग्रॅम, बहुतेक काढ्यांना 200, पुदिना-कॅमोमाइलला 400. दोनशे म्हणजे पन्नास लाखांत एक भाग! यादीत जिरंही आहे, 400 वर. त्यामुळे आपल्याकडच्या निर्यातदाराचीही या आकड्याशी गाठ पडते.

मग तण उपटलं की झालं? जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या विद्यापीठातल्या सेल्मार यांच्या गटाने वाळलेला रॅगवर्ट पुदिना, कॅमोमाइल अशा झाडांच्या बुडाशी आच्छादन म्हणून पसरून पाहिला. विष मातीत झिरपलं आणि त्या झाडांनी ते मुळांवाटे उचललं. म्हणजे निंदणी करून असलं तण तिथेच सरीत टाकायचं नाही, भारा बांधून शेताबाहेर न्यायचा.