जुनी अत्तराची बाटली भंगारात देण्याआधी

दिवाळीच्या आधी घर झाडायला काढलं की माळ्यावरच्या ट्रंकेतून, सासूबाईंच्या पेटीतून काय काय बाहेर येतं. त्यात हमखास एखादी सेंटची रिकामी बाटली असते, नाहीतर हळदीकुंकवाच्या तबकातली जुनी अत्तराची कुपी. दारात भंगारवाला उभा असतो, आणि ती बाटली इतर काचेबरोबर किलोवर जाते. हल्ली गावात ‘जुन्या वस्तू घेतो’ म्हणणारेही येतात. ते बाटली हातात घेऊन उलटी करतात, बूड बघतात, तोंडावरून बोट फिरवतात आणि मग भाव सांगतात. ते काय बघतात, ते आपल्यालाही बघता यावं म्हणून आजचं हे बोलणं.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. प्रत्येक जुनी बाटली मोलाची नसते. बऱ्याचशा साध्याच निघतात. पण साधी कोणती आणि वेगळी कोणती हे आपल्याला कळलं, तर भाव ठरवताना आपण गप्प बसत नाही.

काचेची शिवण बघा

ब्लाउजला शिवण असते, तशी साच्यात घडवलेल्या बाटलीलाही असते. बाटली उजेडात धरा आणि कडेच्या उभ्या रेघेवरून नख वर न्या. रेघ थेट तोंडाच्या काठापर्यंत गेली, तर बाटली बहुधा यंत्रावर झाली आहे. रेघ मानेपाशीच संपली, तर तोंड हातानं घडवलेलं असण्याची शक्यता मोठी. अमेरिकेत मायकेल ओवेन्स यांनी १९०३ च्या सुमारास आपोआप बाटल्या करणारं यंत्र तयार केलं. त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत यंत्राच्या बाटल्या सगळीकडे झाल्या. मात्र भारी सेंटच्या बाटल्या पुढेही बराच काळ हातानं होत राहिल्या. म्हणून नुसत्या शिवणीवरून साल ठरवायचं नाही.

मग बूड बघा. मध्ये खडबडीत वण असेल, तर फुंकून केलेली काच नळीवरून तोडल्याची ती खूण असते. बाटली खरोखर वापरातली असेल, तर बुडाच्या काठावर बारीक, वेड्यावाकड्या रेघोट्या दिसतात. वर्षानुवर्षं फळीवर सरकून त्या पडतात. बूड अगदी गुळगुळीत असेल, किंवा सगळ्या रेघा एकाच दिशेच्या असतील, तर सावध व्हा. जुन्या घाटाच्या नव्या बाटल्या आजही बनतात.

बूच बघा

जुन्या चांगल्या बाटलीला काचेचंच बूच असतं आणि ते त्याच बाटलीसाठी घासून बसवलेलं असतं. म्हणून बुचाची दांडी आणि मानेची आतली बाजू धुरकट, खरखरीत लागते. काही कारखाने बुचावर आणि बाटलीवर एकच बारीक आकडा कोरत. दोन्ही आकडे जुळले, तर जोडी मूळची. बूच हरवलं किंवा दुसऱ्याच बाटलीचं बसवलं असेल, तर मोल बरंच उतरतं. तेव्हा बूच सुटं कुठे पडलं असेल तर शोधून ठेवा.

पिळायचं झाकण त्यानंतरचं. काळ्या-तपकिरी, जड, कडक झाकणाचं बेकेलाइट १९०७ साली निघालं आणि अशी झाकणं त्यानंतर दोन-तीन दशकांत पसरली. बोटानं दाबून फवारा मारायची, पत्र्यानं घट्ट बसवलेली तोटी असेल, तर बाटली साधारण गेल्या साठ-सत्तर वर्षांतली धरा.

अक्षरं वाचा

बुडावरची उठावाची अक्षरं इंग्रजीत असतात. शाळेत जाणाऱ्या लेकीला वाचायला सांगा. ‘चेकोस्लोव्हाकिया’ असं असेल, तर बाटली १९१८ ते १९९२ च्या मधली, कारण तो देश तेवढाच काळ होता. ‘ऑक्युपाइड जपान’ असेल, तर १९४५ ते १९५२. ‘वेस्ट जर्मनी’ असेल, तर १९४९ ते १९९०. फ्रान्सचे नावाजलेले काच-कलाकार रेने लालिक यांच्या कारखान्याच्या बाटलीवर नावाआधी ‘आर’ हे अक्षर असेल, तर ती साधारणपणे १९४५ पूर्वीची मानतात. त्या साली ते वारले आणि पुढे नुसतं ‘लालिक’ राहिलं. ही सही खोटीही कोरतात, म्हणून नुसत्या सहीवर विसंबू नका.

आपल्याकडच्या बाटलीवर कागदी चिठ्ठी असेल, तर काम आणखी सोपं. किंमत आण्यांत असेल, तर चिठ्ठी बहुधा १९५७ च्या आधीची, कारण १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले. ‘नवे पैसे’ लिहिलं असेल, तर १९५७ ते १९६४ च्या आसपासची. माप औंसात किंवा तोळ्यात असेल तर जुनी, मिलिलिटरमध्ये असेल तर त्यानंतरची. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल, तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचीच, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाला. इंग्रजी पत्त्यात ‘बॉम्बे’च्या जागी ‘मुंबई’ असेल, तर बहुधा १९९५ नंतरची.

आता नियम लक्षात ठेवा: सगळ्यात नवी खूण धरायची. बूच जुन्या पद्धतीचं, घाट जुना, पण चिठ्ठीवर पिनकोड आहे, तर ती चिठ्ठी १९७२ नंतरचीच. मात्र अत्तरवाले जुनी बाटली पुन्हा भरून त्यावर नवी चिठ्ठी लावत असत. म्हणून काचेचं वय वेगळं आणि चिठ्ठीचं वेगळं असू शकतं. दोन्ही स्वतंत्र तपासा.

निळी बाटली

आपल्या कितीतरी घरांत एक छोटी गडद निळी बाटली निघते, रुपेरी चिठ्ठीची. ती ‘ईव्हिनिंग इन पॅरिस’. बूर्ज्वा या फ्रेंच कंपनीनं हे सेंट १९२८ साली काढलं. आजी-आत्यांच्या लग्नाच्या काळात त्याचं मोठं अप्रूप होतं. रुखवतात, फराळाच्या कार्यक्रमात ते मिरवलं जाई. ते जगभर खूप खपलं, म्हणून नुसती रिकामी निळी बाटली दुर्मीळ नाही. पण चिठ्ठी शाबूत असेल, मूळ खोका सोबत असेल, आत सेंट शिल्लक असेल, तर हौशी माणूस तिच्यासाठी जास्त मोजतो. सगळ्याच बाटल्यांना हाच हिशेब लागू: काच, बूच, चिठ्ठी, खोका आणि आतला माल, यातलं जेवढं एकत्र तेवढं चांगलं. तोंडाचा एक टवका उडालेला असेल, तरी भाव पडतो.

हे करू नका

बाटली राखेनं, वाळूनं घासू नका. चिठ्ठी असेल तर पाण्यात घालू नका, कोरड्या मऊ फडक्यानं पुसा. गरम पाणी ओतू नका, जुनी काच तडकते. आत पांढुरका धूर बसल्यासारखं दिसत असेल आणि धुऊनही जात नसेल, तर ती काचच आतून झिजलेली आहे, घासून उपयोग नाही. बूच अडकलं असेल, तर ओढू-पिळू नका. बुचाच्या कडेला खोबरेल तेलाचा थेंब सोडा, रात्रभर ठेवा, मग हलक्या हातानं फिरवा.

आतला द्रव ओतून टाकू नका आणि अंगालाही लावू नका. सेंट पेट घेतं, तेव्हा बाटली चुलीपासून लांब ठेवा. चिठ्ठीच नसेल, तर आत औषध किंवा विषही असू शकतं. मुलांच्या हाती देऊ नका.

विकायचीच असेल तर

पहिल्याच फेरीत देऊ नका. बुडाचा, बुचाचा, चिठ्ठीचा फोटो काढा. निदान दोन जणांना भाव विचारा. फोनवर बघताना लोक किती मागतात ते नका बघू, वस्तू प्रत्यक्ष कितीला गेली ते बघा. घेणाऱ्याकडून नाव आणि रक्कम लिहिलेली पावती घ्या.

चांदीची अत्तरदाणी, गुलाबदाणी यांसारखी कारागिरीची वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल, तर तिला १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होऊ शकतो. अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही आणि तिचा धंदा करणाऱ्याकडे परवाना लागतो. तो दाखवायला सांगा. शंका असेल, तर जवळच्या वस्तुसंग्रहालयात विचारा. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात घरगुती अडकित्ते आणि दिवेसुद्धा जपून ठेवले आहेत. घरातल्या रोजच्या वस्तूलाही मोल असतं, हे तिथं गेलं की पटतं.

आणि एक. पेटी जिची, तिला विचारल्याशिवाय बाटली दाराबाहेर जाऊ देऊ नका. ती कुपी आजीला कुणी दिली, कोणत्या सणाला उघडली, हे तिच्या तोंडून ऐकून वहीत लिहा आणि ती चिठ्ठी बाटलीसोबत ठेवा. विकली तरी ते लिहिलेलं तुमच्याकडे राहील.

या महिन्याच्या गटाच्या बैठकीत प्रत्येकीनं घरातली एक जुनी बाटली आणा. आधी शिवण, मग बूड, बूच आणि अक्षरं, या क्रमानं सगळ्या मिळून बघा. दहा बाटल्या हाताखालून गेल्या की अकरावीचं वय तुम्हीच सांगाल.