गाढवाला काय धाड भरलीय?

गोरेगावच्या आरे कॉलनीत १९४९ पासून म्हशींचे तबेले आहेत, त्यामुळे गोचीड म्हणजे काय हे इथे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. पण गोचीड हे म्हशीचं दुखणं, गाढवाला काय धाड भरलीय, असं म्हणणारे भेटतातच.

धाड भरते, पण दिसत नाही, हीच गोम आहे. थायलेरिया इक्वी आणि बबेशिया कॅबली हे गोचिडीतून येणारे एकपेशीय परजीवी घोडा, गाढव, खेचर यांच्या तांबड्या पेशींत शिरून त्या फोडतात. घोड्याला सणकून ताप येतो, डोळ्यांच्या पापण्या आतून फिकट किंवा पिवळ्या पडतात, लघवी गडद होते. गाढवात बहुतेकदा यातलं काहीच ठळक नसतं. ते जरा कमी खातं, ओझ्याखाली मागे पडतं आणि मालक त्याला आळशी ठरवून मोकळा होतो.

म्हशीचाच ताप गाढवाला लागतो, ही भीती मात्र फुकाची. हायलोमा गोचीड दोघांनाही चावते, पण गुरांतला थायलेरिया अ‍ॅन्युलाटा वेगळा.

माणसाला? २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात जनावरांचा परजीवी सापडला आणि त्याची जगभर चर्चा झाली. तो मात्र सर्रा या वेगळ्याच रोगाचा होता. सर्रा पसरवतात चावऱ्या माश्या, गोचीड नव्हे.

‘गोचीड उपटली की झालं’ हे अर्धंच खरं. चिकटल्यावर तिच्या लाळेतून परजीवी उतरायला सहसा काही दिवस लागतात, म्हणून कानात, शेपटीखाली, मांड्यांच्या बेचक्यात रोज हात फिरवावा. एरंडीच्या बीसारखी टपोरी गाठ बोटांना लागली, तर उशीर झालाय. शिवाय एकच सुई चार जनावरांना टोचली, तर गोचिडीची गरजच उरत नाही. जेजुरीच्या पौष पौर्णिमेच्या गाढवबाजारात गिऱ्हाईक दात पाहून वय ओळखतं. रक्त कोण पाहतो?

आणि ताप उतरला म्हणजे रोग गेला असंही नाही. थायलेरिया इक्वी बहुधा जन्मभर मुक्कामाला राहतो. अशा जनावराच्या रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली अनेकदा स्वच्छ दिसते. मग रक्तद्रवाची एलायझा चाचणी लागते. तिचा संच हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने बनवला आहे. या रोगावरचं इमिडोकार्ब हे औषध गाढवाला घोड्यापेक्षा जास्त बाधतं. लाळ गळते, पोट दुखतं. घोड्यासाठी आणलेलं उरलंसुरलं औषध त्याला अंदाजाने टोचू नका.