मोतीबिंदू-काचबिंदूची एकत्र शस्त्रक्रिया : टाका कोणता आणि कशासाठी?



चाकण, खेड, मावळ भागात मोतीबिंदूचे ‘बिनटाक्याचे ऑपरेशन’ आता घरोघरी माहीत आहे. परंतु मोतीबिंदूबरोबर काचबिंदूही असला आणि दोन्हींची शस्त्रक्रिया एकदम केली, तर बहुधा टाके घालावे लागतात. मग घरची मंडळी विचारतात, “शेजारच्यांना टाका नाही, आम्हालाच का?” त्याचा खुलासा आम्ही येथे करीत आहोत.

मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग गढूळ होते. ते काढून नवे बसवले की दिसू लागते. त्यासाठी दिलेली बारीक चीर बहुधा आपोआप मिटते. काचबिंदूचे तसे नाही. डोळ्याच्या आतल्या पाण्याचा निचरा अडतो, दाब वाढतो आणि दृष्टीची नस सुकत जाते. गेलेली नजर परत येत नाही. म्हणून केंब्रिजचे डॉ. केर्न्स यांनी १९६८ साली मांडलेल्या पद्धतीने, वरच्या पापणीआड डोळ्याच्या पांढऱ्या भागात निचऱ्याची वाट करतात व तिच्यावर त्याच भागाचे पातळ झाकण टाक्यांनी बसवतात.

खरी गोम येथेच आहे. उसाला दारं धरताना माती गच्च दाबली तर सरीत पाणी जात नाही, सैल ठेवली तर बांध फुटतो. टाका फार घट्ट बसला तर दाब उतरत नाही. फार सैल राहिला तर डोळा मऊ पडून नजर अंधूक होते.

म्हणून झाकणाला बहुधा १०-० क्रमांकाचा नायलॉनचा दोरा वापरतात. तो केसाहून बारीक असतो आणि लवकर विरघळत नाही. आधी टाका जरा घट्ट ठेवायचा आणि पुढे दाब पाहून, पुन्हा चीर न देता, लेसरने तोडायचा, अशी ही सोय. काही डॉक्टर ओढून काढता येईल अशी गाठ मारतात. विरघळणारा दोरा वरच्या पातळ आवरणाला चालतो. पण झाकणाला घातला तर तो केव्हा सैल व्हावा हे डॉक्टरांच्या हाती राहत नाही.

हे काम बहुधा पहिल्या काही आठवड्यांतच साधते. पुढे जखम भरून वाट बुजते. तेव्हा “तोड आलीय, नंतर जाऊ” किंवा “दिसतंय की चांगलं” असे म्हणून तपासणी चुकवू नका. वाढलेला दाब पुष्कळदा रोग्याला कळतच नाही. डोळा चोळू नका. लाली, ठणका, पू किंवा अंधुकपणा आला, मग तो काही वर्षांनी का असेना, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

चाळिशी उलटलेल्या सभासदांनी चष्म्याचा नंबर काढताना डोळ्याचा दाबही तपासून घ्यावा, ही आमची आग्रहाची विनंती.