तत्त्वज्ञाच्या नावाची खुर्ची

तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. केलेल्या मुलीला नातेवाईक विचारतात, ‘पुढे काय?’ तेव्हा घरात तयार असलेलं उत्तर एकच असतं: प्राध्यापकी. नेट किंवा सेट, मग पीएच.डी., मग जागा निघायची वाट. ही वाट अरुंद आहे हे खरंच. पण ती एकमेव आहे, हा समज कायद्याच्या पुस्तकाशीही जुळत नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या नियमांनुसार नव्या औषधाची माणसांवर चाचणी घ्यायची तर आधी नीतिसमितीची मंजुरी लागते. समितीत किमान सात सभासद हवेत, त्यांतले निदान निम्मे त्या संस्थेबाहेरचे हवेत. डॉक्टर आणि कायदेतज्ज्ञ यांच्याबरोबर आणखी एक जागा ठेवलेली आहे: समाजशास्त्रज्ञ, स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी, तत्त्वज्ञ, नीतितज्ज्ञ किंवा धर्माचा अभ्यासक यांपैकी कोणा एकासाठी. तत्त्वज्ञानाचं शिक्षण व्यवहारात कशाला लागतं, याचं उत्तर या एका खुर्चीजवळ उभं राहिलं की नीट दिसतं.

समितीपुढे चाचणीच्या आराखड्यासोबत रुग्णाला द्यायचं माहितीपत्रक आणि संमतीपत्र येतं. त्यात लिहिलेलं असतं की सहभाग ऐच्छिक आहे. डॉक्टर सभासद औषधाची मात्रा तपासतात, वकील नुकसानभरपाईचं कलम पाहतात. ‘ऐच्छिक’ या शब्दापाशी मात्र कुणीतरी थांबावं लागतं. ज्याला बाहेर हे औषध विकत घेणं परवडणारच नाही, त्याच्यापुढे मोफत औषधाचा कागद ठेवला, तर त्याने केलेली सही कितपत स्वेच्छेची? ज्या डॉक्टरांच्या हाती त्याचा जीव आहे तेच विचारत असतील, तर तो नाही म्हणू शकेल का? पत्रकात ‘उपचार’ असा शब्द पडला असेल, आणि काही रुग्णांना औषधासारखीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी मिळणार असेल, तर तो शब्द रुग्णाची दिशाभूल करतो. तो खोडून ‘चाचणी’ लिहायला लावणं हे बारीक काम आहे, पण त्यावर एखाद्या माणसाचा निर्णय फिरतो. धर्माचा अभ्यास केलेला सभासद याच कागदावर वेगळं काही पाहतो. कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून केलेलं असेल, तर जैन किंवा मुसलमान रुग्णाला ते आधी सांगितलं आहे का? दुपारी एक गोळी घ्यायचीच असेल, तर रोजा धरणाऱ्याने रमजानात काय करायचं? श्रद्धा खरी की खोटी हा प्रश्न इथे येतच नाही. ती माणसाच्या दिवसात कुठे बसते हे ठाऊक असावं लागतं.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: समितीवरच्या कामाला फार तर मानधन मिळतं, त्यावर घर चालत नाही. शिवाय नियमातला तो ‘किंवा’ तत्त्वज्ञ नेमलाच पाहिजे असं म्हणत नाही. दोन्ही मान्य. म्हणूनच माझं म्हणणं असं की हा विषय एकट्याने पोट भरणारा नाही, जोड मागणारा आहे, आणि जोड मिळाली की ज्या कामाला तो लागतो ते दुसऱ्या कुणाला सहज जमत नाही. महाराष्ट्रात याचा दाखला जुना आहे. धर्मशास्त्राचा पाच खंडांचा इतिहास लिहिणारे आणि १९६३ मध्ये भारतरत्न मिळालेले पां. वा. काणे मुंबई उच्च न्यायालयात वकिली करत. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत न्याय आणि वेदान्त शिकलेल्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोशाचं संपादन केलं. एकाच्या अभ्यासाला कायद्याची जोड होती, दुसऱ्याच्या अभ्यासाला कोशकार्याची. आपल्या परंपरेत वादाची शिस्तच अशी आहे की प्रतिपक्षाचं म्हणणं आधी त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडायचं, मग उत्तर द्यायचं. पूर्वपक्ष अर्धवट मांडला तर सिद्धान्ताला किंमत नाही. वकिलाला, संपादकाला, तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याला रोज हेच करावं लागतं.

स्पर्धा परीक्षेचं उदाहरण हटकून दिलं जातं. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत २०१३ पासून नीतिशास्त्राचा २५० गुणांचा पेपर आहे आणि तत्त्वज्ञान हा वैकल्पिक विषयही घेता येतो. पण तो पेपर अभियंतेही देतात आणि चांगले गुण मिळवतात. एवढ्यासाठी कुणी तीन वर्षं हा विषय घ्यावा, असं मी सांगणार नाही.

धर्माच्या अभ्यासाबद्दल तर गैरसमज आणखी दाट आहेत. पौरोहित्य आणि धर्माचा अभ्यास या दोन वेगळ्या गोष्टी. पौरोहित्याची वाट वेगळी, आणि तिच्यातही रीतसर नोकरी आहे: भारतीय सैन्य पंडित, मौलवी, ग्रंथी, पाद्री यांची कनिष्ठ आयुक्त अधिकारी म्हणून भरती करतं. अभ्यासकाला मात्र भाषा लागते. पाली, अर्धमागधी, संस्कृत किंवा फारसी यांपैकी एक तरी मूळ ग्रंथ वाचण्याइतकी आली, की हस्तलिखितांच्या सूची, शब्दकोश, अनुवाद, संग्रहालयं ही दारं उघडतात. ती आली नाही, तर पदवीवर धर्माचं नाव असूनही वाचन इंग्रजी अनुवादांवर अडून राहतं, आणि या कामांत ते पुरत नाही. अडचण विद्यार्थ्याच्या बुद्धीची नाही. पहिल्या वर्षी त्याला हे कुणी सांगत नाही, याचं वाईट वाटतं.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुख्य विषयासोबत गौण विषय घ्यायची सोय केली आहे. तत्त्वज्ञानासोबत संख्याशास्त्र घेतलेली मुलगी औषध-चाचणीचा आराखडा स्वतः वाचू शकेल. पाली घेतलेली मुलगी अभिलेखागारात बसू शकेल. प्रवेशाच्या वेळी पालकांनी ‘नोकरी लागेल का’ याच्या जोडीला ‘या महाविद्यालयात गौण विषय कोणते आहेत’ असंही विचारावं. अनेकदा खरी निवड तिथे होते, कारण तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या महाविद्यालयातच गौण विषयाचा वर्ग त्याच वेळेला भरतो आणि वेळापत्रकामुळे जोड हातची जाते.