कथेचा शेवट आणि प्रेक्षकांचा रोष

कथा ऐकणाऱ्याचा कथेवर कांहीं हक्क असतो काय? असल्यास तो कोठपर्यंत? हा प्रश्न नवा नाहीं. मुलांस गोष्ट सांगणाऱ्या प्रत्येक आजीला तो पडलेला असतो. राजपुत्र मेला असें ऐकतांच मूल रडूं लागतें, आणि तो पुन्हां उठल्याशिवाय कांहीं तें झोंपत नाहीं. परंतु ऐकणारे लहान नसून सज्ञान असले, आणि एकदोन नसून हजारोंनीं असले, म्हणजे काय घडतें, हें पाहण्यास एका जपानी मालिकेचा इतिहास फार उद्बोधक आहे. तिच्या शेवटावरून उठलेलें वादळ शमण्यास २५ वर्षें लागलीं.

‘निऑन जेनेसिस इव्हँजेलियन’ ही विज्ञानकथेची अ‍ॅनिमे, म्हणजे रेखाटलेल्या चित्रांची, मालिका ‘टीव्ही टोकियो’ या वाहिनीवर ४ ऑक्टोबर १९९५ पासून २७ मार्च १९९६ पर्यंत चालली. एकंदर भाग २६; दिग्दर्शक हिदेआकी आन्नो; निर्मिती गायनॅक्स या संस्थेची. २०१९ सालीं ती नेटफ्लिक्सवर आली, त्यामुळें आपल्याकडील तरुण मंडळींसही ती आतां घरबसल्या पाहतां येते. कथा २०१५ सालीं घडते असें कल्पिलें आहे. एका भयंकर उत्पातांत निम्मी मानवजात नष्ट झालेली आहे. ‘देवदूत’ या नांवानें ओळखले जाणारे विलक्षण जीव टोकियो-३ या नव्या नगरावर एकामागून एक चाल करून येत आहेत. आणि त्यांच्याशीं झुंजणारे यंत्रमानवासारखे महाकाय ‘इव्हा’ चालविण्याचें काम अवघ्या १४ वर्षांच्या मुलांवर येऊन पडलें आहे. त्यांतील शिंजी हा नायक. ज्या बापानें त्याला लहानपणीं दूर लोटलें, त्यानेंच आतां त्याला कामापुरतें बोलावून घेतलें आहे. झुंजींच्या थरारापेक्षां या पोरक्या मुलाच्या मनाची ओढाताणच पुष्कळांस अधिक जवळची वाटली.

आठवड्यामागून आठवडे गेले, तशीं कथेंतील कोडीं वाढत गेलीं. देवदूत येतात कोठून? बापाचा गुप्त हेतु काय? अखेरच्या दोन भागांत सर्व उलगडेल, अशी प्रेक्षकांची खात्री होती. घडलें तें भलतेंच. बाहेरचें युद्ध जागच्या जागीं सोडून कथा एकदम शिंजीच्या मनांत शिरली. पडद्यावर स्थिर चित्रें, पेन्सिलीचीं रेखाटनें, मोठ्या अक्षरांत लिहिलेले प्रश्न. आणि शेवटीं सर्व पात्रें त्या मुलाभोंवतीं उभीं राहून टाळ्या वाजवितात, त्याचें अभिनंदन करतात. कशाबद्दल? तर आपणही या जगांत राहण्यास पात्र आहों, हें त्याला उमगलें याबद्दल. निर्मितीच्या अखेरीस वेळेची फार ओढाताण झाली होती, हें खरें. परंतु आन्नो स्वतः दीर्घ खिन्नतेंतून गेलेले होते आणि तो अनुभव त्यांनीं मालिकेंत ओतला होता, हेंही तितकेंच खरें.

प्रेक्षकांत उभी फूट पडली. कांहींनीं या शेवटांत स्वतःचेंच मन पाहिलें व ते कृतज्ञ झाले. पुष्कळांस मात्र आपली फसवणूक झाली असें वाटलें. रागाचीं पत्रें आलीं, टर उडविली गेली, आणि कांहींची मजल तर दिग्दर्शकास जिवे मारण्याच्या धमक्या देण्यापर्यंत गेली.

या रोषाचें न्याय्य मोजमाप कसें करावें? आमच्या मतें त्याचे दोन भाग पाडले पाहिजेत. आपल्या नाट्यशास्त्रानें कथानकाचे मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण असे पांच संधि सांगितले आहेत. मुखसंधींत जें बीज पेरलें, त्याचें फळ निर्वहणांत पदरीं पडलें पाहिजे, असा त्याचा आशय. या कसोटीनें पाहतां प्रेक्षकांची तक्रार अगदींच पोकळ नव्हती. युद्धाचें बीज पेरून त्याचें फळ दाखविलें नाहीं. पण त्याच मालिकेंत दुसरें बीजही पहिल्या भागापासून पेरलेलें होतें: आपण कोणास हवे आहों काय, ही त्या मुलाची व्यथा. तिचें फळ मात्र त्या दोन भागांत निःसंशय आलें होतें. ज्यांचें लक्ष पहिल्या बीजावर होतें ते रिक्तहस्त परतले. दुसऱ्यावर होतें ते तृप्त झाले. येथवर हा रसिकांचा मतभेद होय. धमकी हा मात्र मतभेदच नव्हे. आवडत्या कथेच्या प्रेमानें तिच्या कर्त्याचाच जीव मागावा, याला रसिकता म्हणतां येत नाहीं.

अशा वेळीं कर्त्यानें काय करावें? इंग्लंडांत ‘द प्रिझनर’ या १७ भागांच्या मालिकेचा शेवट १ फेब्रुवारी १९६८ रोजीं दाखविला गेला, तेव्हांही असाच गदारोळ झाला होता. नायकास कोंडून ठेवणारा ‘नंबर वन’ कोण, हें पाहण्यास टपून बसलेल्या प्रेक्षकांस मुखवट्याखालीं नायकाचाच चेहरा दिसला. तो शेवट लिहिणारे, दिग्दर्शित करणारे आणि नायकाचें काम करणारे पॅट्रिक मॅकगूहन हे एकच गृहस्थ होते. त्यांनीं मालिकेस दुसरा शेवट जोडला नाहीं.

आन्नो यांनीं दुसरा मार्ग धरला. १९ जुलै १९९७ रोजीं त्यांचा ‘द एंड ऑफ इव्हँजेलियन’ हा चित्रपट आला. बाहेरच्या युद्धाचें काय झालें तें त्यांत दाखविलें. पण तें इतकें दारुण कीं मागणाऱ्यांनींच तोंडांत बोट घालावें. अवघी मानवजात विरघळून एका समुद्रांत मिसळते आणि किनाऱ्यावर दोन मुलें तेवढीं उरतात. इतकेंच नव्हे, तर प्रेक्षकांकडून आलेल्या विखारी मजकुराची झलकही त्या चित्रपटांत क्षणभर पडद्यावर येऊन जाते. शेवट मागितलात ना, मग त्यांत तुम्हीही आलांत, असेंच जणूं कर्त्यानें बजावलें! हें उत्तर समर्थ होतें, परंतु त्यांत जखम उघडी होती.

ती भरून यावयास काळच जावा लागला. २००७ सालापासून आन्नो यांनीं हीच कथा चार चित्रपटांत पुन्हां सांगण्यास घेतली. चौथा व अखेरचा ८ मार्च २०२१ रोजीं जपानांत प्रदर्शित झाला. त्यांत खचलेला शिंजी उत्पातांतून वांचलेल्यांच्या एका खेड्यांत राहतो. तेथें लोक भातलावणी करतात, लेंकरें वाढवितात. मग तो बापासमोर उभा राहून त्याचें दुःख ऐकून घेतो आणि एकेका पात्राचा निरोप घेतो. शेवटचें दृश्य आन्नो यांच्या जन्मगांवीं, उबे येथील रेल्वे स्थानकावर, घडतें. तेथें शिंजी प्रौढ झालेला आहे. या चित्रपटानें जपानांत १,००० कोटी येनहून अधिक उत्पन्न मिळविलें. तक्रारी याही वेळीं झाल्या. पण १९९६ सालीं जीं मुलें शिंजीच्या वयाचीं होतीं, तीं आतां चाळिशीच्या घरांत आलीं होतीं आणि त्यांतील कित्येक स्वतः आईबाप झालेलीं होतीं. त्यांच्यापैकीं पुष्कळांनीं हा निरोप डोळे पुसत स्वीकारला.

रसिकाच्या असंतोषास आपल्या परंपरेंत एक फार थोर उदाहरण आहे. वाल्मीकींच्या रामायणांत सीता भूमींत अंतर्धान पावते. भवभूतीनें ‘उत्तररामचरिता’च्या सातव्या अंकांत रामापुढें नाटकांत नाटक घडवून सीतेची व त्याची पुनर्भेट करविली. भवभूति हाही प्रथम वाल्मीकींचा वाचकच ना? त्यानें आदिकवीस दूषण दिलें नाहीं. उलट त्याच अंकांत त्यांस मानाचें स्थान दिलें आणि आपला शेवट स्वतःच्या प्रतिभेनें उभा केला. मूळ कथा जेथल्या तेथें राहिली.

आज घरोघरीं तरुण मुलें मालिकांच्या शेवटांवरून हमरीतुमरीवर येतात, तेव्हां वडील मंडळींनीं ‘कसलें हें खूळ’ म्हणून हंसूं नये. ज्या शेवटाचा राग येतो, ती कथा मनाला भिडलेली असते. मुलांस एवढेंच विचारावें: तुझ्या मतें कोणतें बीज फळावयाचें राहिलें? तें सांगतां आलें, तर रागाची टीका होईल. आणि तेवढ्यानें समाधान न झालें, तर कागद व लेखणी पुढें सरकवून म्हणावें, बाळ, तुझा शेवट तूं लिही.