चाकाचें ऑफसेट आणि ब्रेकची मोकळीक

मोटारगाडीचीं मूळ चाकें काढून त्यांच्या जागीं मिश्रधातूचीं रुंद, चकचकीत चाकें बसविण्याची हौस आज पुष्कळांना असते. दुकानदार बोल्टांचीं भोकें मोजतो, व्यास पाहतो आणि ‘बसेल’ म्हणून सांगतो. परंतु श्रोतेहो, चाक बोल्टांवर बसणें निराळें आणि तें ब्रेकला न घासतां फिरणें निराळें. हा भेद कित्येकदां दोन-तीन मिलिमीटरांचाच असतो; पण घरच्या मंडळींचा जीव त्याच्यावर अवलंबून असतो.

प्रथम ऑफसेट म्हणजे काय तें पाहूं. ज्या चकतीवर चाक आवळतात तिला हब म्हणतात. चाकाच्या रुंदीच्या बरोबर मध्यावर एक उभी पातळी कल्पावी. चाकाचा हबला टेकणारा पृष्ठभाग या पातळीपासून जितका दूर, तितकें त्याचें ऑफसेट. तो पृष्ठभाग बाहेरच्या अंगास असल्यास ऑफसेट धन, गाडीच्या अंगास असल्यास ऋण. पुष्कळ चाकांवर ‘ईटी ४५’ असा आंकडा आढळतो, तो याचाच. ‘ईटी’ हा ‘आइनप्रेसटीफे’ या जर्मन शब्दाचा संक्षेप आहे.

आतां एक हिशेब करूं. मूळ चाक ६ इंच रुंद व ऑफसेट ४५. नवें ७ इंच रुंद व ऑफसेट ३५. त्यांची निमी रुंदी अनुक्रमें ७६.२ व ८८.९ मिलिमीटर. तींत ऑफसेट मिळविलें कीं हबपासून आंतील कडेचें अंतर मिळतें, वजा केलें कीं बाहेरील कडेचें. आंतील कड १२१.२ वरून १२३.९ वर, तर बाहेरील ३१.२ वरून ५३.९ वर जाते. म्हणजे चाक सस्पेन्शनकडे अवघें २.७, पण मडगार्डकडे २२.७ मिलिमीटर सरकलें.

येथवर आंकड्यांचें काम. ब्रेकविषयीं मात्र हा आंकडा मुका आहे. १९५३ सालीं ल मांच्या शर्यतींत जॅग्वारच्या गाड्यांनीं डिस्क ब्रेकांच्या जोरावर विजय मिळविला आणि पुढें ते घरगुती गाड्यांतही आले. यांत कॅलिपर नांवाचा चिमटा फिरत्या तबकडीला दोहों बाजूंनीं धरतो. त्याचा बाहेरील भाग चाकाच्या आऱ्यांच्या अगदीं पाठीशीं येतो, माथा चाकाच्या आंतील घेराजवळ. म्हणून मोकळीक दोन ठिकाणीं हवी. रुंदी, व्यास व ऑफसेट सारखें असूनही एका चाकाचे आरे बाहेर फुगलेले व दुसऱ्याचे सपाट असतात. पहिलें सुखानें फिरतें, दुसरें कॅलिपरला अडतें.

याची परीक्षा साधी आहे. गाडी सपाट जागीं जॅकनें उचलून भक्कम स्टँडवर ठेवावी. कॅलिपरच्या बाहेरील अंगावर व माथ्यावर मऊ मेणमातीच्या गोळ्या चिकटवाव्या, नवें चाक नीट आवळावें आणि हातानें एक फेरा द्यावा. चाक काढून चेपलेल्या गोळ्यांची जाडी मोजली कीं मोकळीक कळते. ती निदान ३ मिलिमीटर तरी असावी. चाकाच्या आंत चिकटविलेलीं तोलाचीं वजनेंही हिशेबांत धरावीं. ब्रेकचे पॅड झिजलेले असतील तर सरकता कॅलिपर थोडा आंत गेलेला असतो. नवे पॅड घालतांच तो पुन्हां बाहेर येतो आणि काल मोकळें फिरणारें चाक आज घासूं लागतें. म्हणून माप नव्या पॅडांवरच घ्यावें.

अडलेल्या चाकामागें स्पेसर नांवाची चकती घालण्याचा उपाय कोणी सुचवील. ५ मिलिमीटरांची चकती ऑफसेट ४५ चें ४० करते. परंतु बोल्टांची पेचांतील पकड तितकीच उणी होते आणि बेअरिंगवरील ताण वाढतो. लांब बोल्ट घातल्यावांचून हा उपाय करूं नये.

तेव्हां पैसे मोजण्यापूर्वीं ऑफसेटचा हिशेब कागदावर मांडावा आणि चाक एकदां ब्रेकवर चढवून पाहावें. जें चाक या दुसऱ्या परीक्षेंत उतरत नाहीं, तें कितीही देखणें असलें तरी दुकानांतच राहूं द्यावें.